एक्सरे साफ होता

माझा जन्म नायगावचा, बीडीडी चाळीतला, आणि लग्न करून आले तीपण नायगावलाच, नुसती बिल्डिंग बदलली, म्हणजे सासरच्या खिडकीतून मी हाक मारली तर आई तिच्या खिडकीतून ओ द्यायची, एवढंच माझं माहेर लांब. आम्ही बौद्ध, गाव रत्नागिरीकडचं, पण गाव म्हणजे मे महिन्यात जायचं ठिकाण, बाकी सगळं आयुष्य ह्या जिन्यावर वर-खाली करण्यात गेलं. वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते, गिरणी बंद पडली आणि वडील खाटेवर बसले ते बसलेच, तो विषय वेगळा आहे, आता काढत नाय. माझं नाव सुनंदा. मिस्टरांचं नाव विलास, पण मी कधी नाव घेत नाय, सवयच नाय, तुम्ही लिहिताना लिहा हवं तर.

आमचा धंदा छापे कापायचा. म्हणजे कसं, तुम्ही दिवाळीत दारात रांगोळी काढता ना, छापा ठेवायचा, वरून रंग फिरवायचा, छापा उचलला की खाली कमळ तयार, तो छापा. ते आम्ही कापतो. सासरे गिरणीत पॅकिंगला होते, कापडाच्या गाठी बांधल्या की त्यांच्यावर गिरणीचं नाव नि नंबर मारायचे, ते पत्र्याचे छापे सासरे कापायचे. गिरणी गेली, हातातलं काम राहिलं. मग सासऱ्यांनी पत्रा सोडला आणि एक्सरेची फिल्म धरली. एक्सरेची जुनी फिल्म, हो, तीच, हॉस्पिटलातली. भंगारवाल्याकडे गठ्ठेच्या गठ्ठे यायचे. ती फिल्म फाटत नाय, भिजत नाय, कटर लावला की लोण्यासारखी कापली जाते. सासऱ्यांनी मिस्टरांना शिकवलं आणि मिस्टर असे शिकले की काय सांगू तुम्हाला, बाबासाहेबांच्या जयंतीला अशोकचक्राचा छापा पाहिजे तर अख्ख्या नायगाव-वरळीतून माणसं आमच्याकडे येतात, चोवीस आऱ्या, एक आरी इकडची तिकडे नाय. खिडकीपाशी पाटावर बसायचं, कटरचं टोपण दातात धरायचं आणि मान खाली घालायची, की मग जेवायला हाक मारली तरी ऐकू जात नाय.

आणि फिल्म धुवायचं काम माझं. लग्न होऊन आले, हळद उतरली नव्हती, तर सासूबाईंनी बादली पुढ्यात ठेवली, गरम पाणी, धुण्याचा सोडा, आणि शेजारी हा गठ्ठा. मी पहिली फिल्म उचलली आणि खिडकीकडे बघितलं तर माणूस. बरगड्या, खांदे, मणके. माझ्या हातातून फिल्म खालीच पडली. मी रडायलाच लागले, बोलले, मी भुताला हात नाय लावणार. सासूबाई रागावल्या नाय, जवळ बसल्या, बोलल्या, हे बघ सुनंदा, कोपऱ्यात नाव असतं ना, ते पहिलं धुवायचं, वाचायचं नाय, आधी कोपरा सोड्यात बुडवायचा आणि नाव गेलं की मग बाकीचं, नाव गेलं की तो कोणाचा कोण राहत नाय, नुसती फिल्म राहते. आमच्या घरातली ही रीतच होती, नाव आधी. मी तसंच करायचे. पण डोळे काय ऐकतात? बोट फिरवता फिरवता वाचलं जायचंच, अमुक तमुक, वय एवढं, आणि मग दिवसभर डोक्यात तेच, ही बाई आता असेल की नसेल, हिची प्लेट भंगारात आली म्हणजे घरच्यांनी टाकली, घरच्यांनी टाकली म्हणजे काय समजायचं. अंधार पडला की मी बादलीला हात लावायचे नाय, ती भीती माझी अजून गेलेली नाय.

पण माणूस रोज जे बघतो त्याची नजर बसते. आमच्या चाळीत टीबीची भीती आधीपासूनची, एकेका मजल्यावर एखादं घर असायचंच, त्याचं ताट वेगळं, तांब्या वेगळा. तर छातीच्या फोटोत पांढरा डाग दिसला की मला कळायचं, ह्याचं काय खरं नाय. आणि काळी स्वच्छ छाती दिसली की बरं वाटायचं, कोण का असेना, बरा असेल. मग शेजारपाजारच्या बाया पण यायला लागल्या, सुनंदा, बघ ग जरा, डॉक्टरांनी काढायला सांगितलेला. आमच्या चाळीत एक्सरे घरी आला की तो एकट्याचा राहतच नाय. पॅसेज लांबलचक, दोन्ही बाजूला खोल्या, आत उजेड नाय, मग ज्याची खिडकी चांगली त्याच्या खिडकीत धरायचा आणि सगळ्यांनी बघायचं, एक बोलणार हे हाड तुटलंय, दुसरा बोलणार ती सावली आहे रे. आणि शेवटी सगळी माझ्या तोंडाकडे बघणार. मी काय डॉक्टर नाय हो, पण विचारलं तर सांगायचे.

नंतर नंतर भंगारात दुसऱ्या फिल्म यायला लागल्या. मोठी फिल्म, पण त्यात एक माणूस नाय, बारीक बारीक गोल फोटो, रांगेने, पानभर. मी मिस्टरांना विचारलं, हे कसले हो, ते बोलले, सीटी स्कॅनचे, आडवा माणूस कापून बघतात. कापून? मशीनने ग, खरं नाय कापत. मी किती उलटं-सुलटं करून बघितलं, काय कळेल तर शपथ. एक्सरेत माणूस माणसासारखा तरी दिसतो, खांदे आहेत, बरगड्या आहेत. ह्यात काय, नुसत्या चकत्या. मला त्या धुवायला कधी आवडल्या नाय. आणि त्याचं कारण सांगू? आमच्या मजल्यावर जे जे सीटीला गेले ते राहिले नाय. समोरच्या खोलीतले तात्या गेले, सीटीला नेलं, महिन्यात आटपलं. टोकाच्या खोलीतली वत्सलावहिनी, डोकं दुखतं, डोकं दुखतं, सीटीला नेली, संपलं. म्हणजे आमच्याकडे कोणी बोललं ना, की अमक्याला सीटीला नेलाय, तर पुढचं कोणी विचारायचंच नाय, बाया डोक्यावर पदर घ्यायच्या. मशीनने काय मारलं नाय त्यांना, ते आता मला कळतं, आमची माणसं तिथं जायचीच शेवटाला. पण तेव्हा कोण समजावणार?

तर आता मुद्द्यावर येते. गेल्या वर्षीची जयंती झाली आणि मिस्टरांना खोकला सुरू झाला. आधी वाटलं, धूळ. आमच्या आजूबाजूच्या बिल्डिंगा पाडायचं काम चाललंय ना, टॉवर होतायत, धूळ एवढी की सकाळी पुसलेलं दुपारी परत पांढरं. आमचीपण बिल्डिंग निम्मी खाली झालेली, माणसं भाड्याच्या खोल्यांत गेली, कोण अँटॉप हिलला, कोण सायनला, आमचा नंबर लागायचा आहे. पॅसेजमध्ये एकेक दार बंद, कुलपं, काही दारांवर लाकडी फळ्या ठोकलेल्या. पूर्वी कोण खोकतंय कोण हसतंय काय कळायचं नाय एवढा गलका. आता मिस्टर एका टोकाला खोकले की तो खोकला भिंतींवर आपटत दुसऱ्या टोकाला जातो. मी जिन्यात असले तरी मला कळायचं, आता लागला, आता थांबला, परत लागला.

नाक्यावरच्या डॉक्टरांनी औषध दिलं, बाटली झाली, गोळ्या झाल्या, ताप यायचा, जायचा, परत यायचा. रात्रीचं छातीत शिट्टी वाजल्यासारखं. वजन उतरलं, शर्ट लोंबायला लागला. मी रोज तोंडाकडे बघायचे आणि रोज बोलायचे, आज बरे दिसताय. डॉक्टर बोलले, छातीचा एक्सरे काढून घ्या, आणि थुंकी पण तपासू. एक्सरे काढायला काय, शर्ट काढला, छाती प्लेटला टेकवली, श्वास घ्या, रोखा, झालं, सोडा, बाहेर पण आले. आणि फिल्म हातात मिळाली, आता बऱ्याच ठिकाणी फिल्म देतच नाय, मोबाईलवर पाठवतात, तिथं दिली. मी जिन्यावरूनच पळत आले. खिडकीत धरली, तुम्हाला खोटं नाय सांगत, आख्खं आयुष्य लोकांच्या प्लेटा बघितल्या पण घरच्या माणसाची बघताना डोळ्यापुढं पाणीच येत होतं. शेजारच्या शेवंतामावशी पाठीमागून, काय ग, काय आहे ग? मी वरून खाली बघितलं, खालून वर बघितलं. काळी स्वच्छ छाती. डाग नाय. कुठंच नाय. मी बोलले, मावशी, साफ आहे! मावशींनी मला मिठीच मारली. डॉक्टरपण बोलले, एक्सरेत विशेष काही नाही, थुंकीत पण टीबी नाही. मी त्या संध्याकाळी शिरा केला, राहिलेल्या चार घरांत वाटला. ती फिल्म मी धुवायच्या गठ्ठ्यात टाकली नाय, कपाटात साडीखाली ठेवली.

आणि खोकला काय थांबला नाय.

एक्सरे साफ, आणि खोकला चालूच. हे डोक्यात कसं बसवायचं? मी मिस्टरांवरच चिडायला लागले, तुम्ही मुद्दाम खोकता, पाणी प्या, आडवं झोपू नका, आंबट खाऊ नका. ते बिचारे उठून पाणी प्यायचे. पूर्वी बिडी ओढायचे, सोडून बरीच वर्षं झाली, तरी मी तेपण काढलं. मग एक दिवस त्यांचा रुमाल धुवायला घेतला तर त्याच्यावर रक्त. ताजं नाय, सुकलेलं, आणि रुमाल असा चार घड्या घालून पार खाली दडपलेला. म्हणजे ह्यांना माहीत होतं, ते लपवत होते. मी तिथं मोरीतच खाली बसले. मला सासूबाईंची आठवण आली, त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडावं असं वाटलं, पण त्या तर केव्हाच गेल्या. मी रुमाल धुतला आणि वाळत टाकला आणि काय बोलले नाय. ते मला घाबरवायला नको म्हणून लपवत होते आणि मी त्यांना घाबरवायला नको म्हणून गप्प, अशी आमची दोघांची गंमत.

शेवटी आमच्या मुलीने, प्रज्ञाने, तिनं ओढूनच नेलं परळला मोठ्या हॉस्पिटलात छातीच्या डॉक्टरांकडे. ती वरळीला ऑफिसात आहे, रजा टाकली तिनं. डॉक्टर तरुण होते, शांत. त्यांनी कान लावून ऐकलं, पाठीवरून, डावीकडे खाली बराच वेळ ऐकत बसले. मग आमचा एक्सरे लाइटवर लावला. मी मधेच बोलले, सर, साफ आहे ना. ते बोलले, हो, ह्यात काही दिसत नाही, पण मला जे ऐकू येतंय ते ह्यात दिसत नाही, आपण सीटी करू.

सीटी. मिस्टर माझ्याकडे बघतात, मी त्यांच्याकडे बघते. बाहेर आलो, ते बाकड्यावर बसले आणि बोलले, मी नाय करणार, एक्सरे साफ आहे, सीटीत घालतात ती माणसं परत येत नाय, तात्यांचं बघितलं नाय काय? प्रज्ञा चिडली, पप्पा, काय अडाण्यासारखं बोलता. मी तिलाच दटावलं, बापाला असं बोलतात? कारण मलापण तेच वाटत होतं ना. घरी आलो तर शेवंतामावशींच्या मुलाने आणखी भर घातली, बोलला, काकी, एका सीटीत एक्सरेच्या कितीतरी पट किरणं अंगात जातात, नसलेला कॅन्सर होतो. झालं. आता एकीकडे रुमालातलं रक्त, दुसरीकडे ती मशीन. मी वंदना घ्यायला बसायचे तर तोंडातून शब्द पुढचे मागचे व्हायचे, जी वंदना मी लहानपणापासून म्हणते.

मग मीच एक दिवस जेवताना बोलले, अहो, तो रुमाल मी धुतलाय. एवढंच बोलले. त्यांनी घास खाली ठेवला. हात धुवून आले आणि बोलले, चल, जाऊ.

सीटीच्या तिथं एक मॅडम होत्या, मशीन चालवणाऱ्या, लोरेन मॅडम, गिरगावच्या, ख्रिश्चन, पण मराठी आपल्यासारखीच, काय रे, घाबरला का रे, असं मिस्टरांना डायरेक्ट अरे-तुरे, वयाने मोठ्या होत्या त्या. मिस्टरांचं तोंड बघूनच त्यांना कळलं. मी बोलले, मॅडम, एक्सरे साफ आहे, मग हे कशाला, किरणं जास्त असतात ना ह्याच्यात? त्या बोलल्या, असतात, खोटं कशाला सांगू, एक्सरेपेक्षा खूप जास्त, म्हणून तर आम्ही आधी एक्सरेच काढतो, हात मोडला, टीबी बघायचा, एक्सरेने भागत असेल तर ह्या मशीनकडे कोणाला आणूच नये, पण डॉक्टरला काही शोधायचं असेल आणि एक्सरेत सापडत नसेल तर मग हे लागतं. मग विचारलं, काम काय करतोस रे? मिस्टर बोलले, रांगोळीचे छापे कापतो. एक्सरेच्या फिल्मवर? हो. मॅडम हसल्या, बोलल्या, मग तुला तर लगेच कळेल, तुझे कापलेले दहा-बारा छापे एकावर एक ठेव आणि उजेडात धर, काय दिसेल? मिस्टर बोलले, काय नाय, सगळा गिचमिड. तसा एक्सरे, मॅडम बोलल्या, छाती पुढून मागपर्यंत सगळी एकावर एक, बरगडी, हृदय, फुप्फुस, पाठ, सगळं एकाच फोटोत, हृदयाच्या मागं काय लपलं असेल तर हृदयच दिसणार, आणि ही मशीन तुझे छापे एकेक करून उचलते आणि बघते. मिस्टर पहिल्यांदा मान वर करून त्या मशीनकडे बघायला लागले. मलापण कळलं हो. पण कळल्याने भीती जाते असं थोडंच आहे? उलट मला वाटलं, एकेक उचलून बघणार म्हणजे आता काय लपणार नाय.

मग ते आत गेले. अंगावरचं सगळं धातूचं काढायचं, अंगठी, गळ्यातलं अशोकचक्राचं लॉकेट, घड्याळ, ते मॅडमनी माझ्या हातात दिलं. आणि सांगते तुम्हाला, सगळ्यात मोठी भीती मला तिथं वाटली. कारण माझे वडील गेले तेव्हा वॉर्डातल्या मावशीने असंच, घड्याळ आणि अंगठी रुमालात घालून माझ्या हातात आणून दिलेली. माणूस आत आणि त्याच्या वस्तू बाहेर बायकोच्या हातात, अजून गरम, अंगाची ऊब लागलेली. मी मूठ घट्ट आवळून धरली. दार बंद झालं, वर लाल दिवा लागला. आतून मशीनचा आवाज, गरगर, आणि मधेच मशीनच बोलते, हिंदीत, बाईच्या आवाजात, सांस लीजिए, सांस रोकिए. ती रोकिए बोलली की मी पण श्वास रोखायचे. आणि मला वाटायचं, आता सोडायला सांगेल, आता सांगेल, ही बाई विसरली तर? प्रज्ञा बोलली, मम्मी, तू श्वास घे ग. बाहेर आले तेव्हा मिस्टर घामाघूम, बोलले, ते रंगाचं इंजेक्शन दिलं ना, फोटोत नीट दिसावं म्हणून, आख्ख्या अंगातून गरम वाफ गेल्यासारखं झालं, वाटलं, गेलोच.

रिपोर्टला दोन दिवस. ते दोन दिवस मी कसे काढले ते मला विचारू नका. मी कोणाला सांगितलंच नाय, सीटी केली म्हणून. आमच्या त्या पॅसेजात एक्सरे खिडकीत धरून बघणारी मी, पण सीटीचं पाकीट आणलं ते प्रज्ञाच्या ऑफिसच्या बॅगेतून, चोरासारखं. फिल्म उघडून बघितली मी, नाय असं नाय. त्याच चकत्या, रांगेने. माझ्या घरच्या माणसाच्या चकत्या. काय कळणार मला? पहिल्यांदा कोणतीतरी प्लेट माझ्या हातात अशी होती की ती माझ्याशी बोलतच नव्हती.

डॉक्टरांनी कॉम्प्युटरवर लावलं. माऊसचं चाक फिरवलं की छाती वरून खाली सरकत जायची, एक चकती, दुसरी, तिसरी, आणि मग थांबले. हे हृदय, बोलले, आणि हे बघा, हृदयाच्या मागं, डाव्या फुप्फुसाची खालची नळी, ही बंद आहे, नळीच्या पुढचं फुप्फुस मिटलंय, आणि नळीत काहीतरी आहे. गाठ? माझ्या तोंडातून निघून गेलं. ते बोलले, गाठीसारखं वाटत नाही, आतून पोकळ आहे, कडा सरळ आहेत, शरीरातलं काही इतकं सरळ नसतं. मग मिस्टरांना विचारलं, काका, कधी काही गिळताना ठसका लागला होता का, घशात काही अडकल्यासारखं? मिस्टर बोलले, नाय. आणि मग त्यांचा चेहरा मी बघितला, तो हळूहळू बदलला, आणि त्यांचा हात आपोआप दाताकडे गेला.

टोपण. कटरचं टोपण. जयंतीच्या आधी, ऑर्डरी एवढ्या की मान वर करायला टाइम नाय, आणि खाली कार्यकर्ते ढोल-ताशाची प्रॅक्टिस करत होते, त्यात कोणीतरी असा काही चुकला की मिस्टर दातात टोपण धरूनच खो खो हसले आणि ठसका लागला, डोळ्यातून पाणी, मी पाठीवर थापट्या मारल्या, पाणी दिलं, थांबलं. मग टोपण शोधलं तर सापडेना. खाटेखाली बघितलं, फिल्मच्या कचऱ्यात बघितलं, मीच झाडू फिरवला. शेवटी मी बोलले, जाऊ द्या, कटरला रबर लावा. ते आम्ही विसरूनपण गेलो. प्लास्टिकचं टोपण, पांढरं, डॉक्टर बोलले, धातूचं असतं तर एक्सरेत पहिल्याच दिवशी चमकलं असतं, प्लास्टिक एक्सरेत दिसत नाही, आणि बसलंय पण असं हृदयाच्या आडोशाला.

दुर्बीण घालून काढलं त्यांनी. नाकातून की तोंडातून नळी घालतात, झोपेचं देऊन. बाहेर आणून डबीत दाखवलं, काळं पडलेलं, चिकट. मला ते बघून आनंद व्हायला पाहिजे होता आणि मला उलटी आली. चार दिवसांत खोकला गेला. काय सांगू तुम्हाला, तो पॅसेज एकदम गप्प झाला, मी जिन्यात थांबून ऐकायचे, काय नाय, शांत. शेवंतामावशी बोलल्या, विलासभाऊ, आता जेवायला बसताना चमचा मोजून घ्या हो, गिळाल. सगळी हसली. मिस्टरपण हसले, तोंडावर हात धरून हसले.

पण माझं हसू फार टिकलं नाय. कारण डॉक्टरांनी त्याच दिवशी, टोपण सापडलं त्या दिवशी, चाक अजून फिरवलं होतं. वरती, उजव्या बाजूला. तिथं एका चकतीत एक ठिपका. ज्वारीचा दाणा असेल एवढा. ते बोलले, हा आपण शोधत नव्हतो, पण दिसला, आणि दिसला म्हणजे सांगायला पाहिजे, ह्याचा त्या टोपणाशी काही संबंध नाही, बहुतेक काही नसेल, जुन्या कधीतरीच्या इन्फेक्शनची खूण असेल, असे ठिपके खूप जणांत सापडतात, पण काका पूर्वी बिडी ओढायचे, म्हणून होळी झाली की परत सीटी करू आणि बघू, तेवढाच आहे की वाढला. बहुतेक काही नसेल. बहुतेक. मी तो शब्द किती वेळा मनात घोळवला असेल. प्रज्ञाने रिपोर्ट वाचून दाखवला, इंग्लिशमध्ये, सगळ्यात शेवटची ओळ ती. मी विचारलं, एक्सरेत का नाय दिसला हा? ती बोलली, मम्मी, एवढा बारीक एक्सरेत दिसत नसतो.

तर आता असं आहे. मिस्टर बरे आहेत. वजन भरलं, शर्ट अंगाला लागला. कामाला बसलेत, परत जयंतीच्या ऑर्डरी, परत चोवीस आऱ्या, सकाळपासून पाटावर. तुम्ही आलात तेव्हा बघितलंत ना, कसे हसून बोलले. कोणी बोलेल काय ह्या माणसाला काय आहे? आणि मी त्यांच्या पाठीमागं उभी राहून त्यांच्या उजव्या खांद्याकडे बघत बसते. शर्टाच्या आत, कातडीच्या आत, तिथं कुठंतरी. भाजी चिरताना बघते, टीव्ही लावला की बघते. ते नुसते घसा खाकरले तरी माझ्या हातातला चमचा थांबतो. त्यांना तो ठिपका माहीत आहे, पण आम्ही त्याच्यावर बोलत नाय, एकदा फक्त ते बोलले, सुनंदा, तू मला बघू नको ग असं, मी जिता आहे.

होळी झाली. परवा परत गेलो डॉक्टरांकडे. त्यांनी कागदावर लिहायला घेतलं आणि मी त्यांचा हातच धरला, एवढ्या मोठ्या डॉक्टरांचा, मी बोलले, सर, ह्या वेळी एक्सरेच काढा ना. ते समजावायला लागले, ताई, एक्सरेत तो ठिपका दिसणारच नाही. मी बोलले, म्हणूनच बोलते. डॉक्टरांचं पेन तसंच हातात. मिस्टर खाली बघत होते, प्रज्ञा खिडकीतून बाहेर. मग डॉक्टरांनी माझा हात हळूच बाजूला केला आणि लिहिलं, सीटी.

सोमवारी जायचं आहे. मी जाणार सोबत, त्यांचं लॉकेट धरायला कोणतरी पाहिजे ना. जे असेल ते असेल, आता न बघून चालणार नाय हे मलापण कळतं. तुम्ही चहा संपवा, गार झाला बोलता बोलता. आणि जिन्यावरून सांभाळून उतरा, मधल्या मजल्यावरचा दिवा गेलाय. तुमच्या घरी सगळी बरी असू देत, कोणाला साधा खोकलापण न येवो. जय भीम.